फॉरवर्ड फोटोची जन्मतारीख काढून देणारं टिनआय, कोल्हापुरात पावसाळ्यात वापरलेलं

सरळ मुद्द्यावर येतो. टिनआय म्हणजे फोटो टाकून फोटो शोधायची वेबसाइट. कॅनडातल्या टोरोंटोच्या एका कंपनीनं २००८ ला चालू केली, म्हणजे गूगलनं असलंच फोटो सर्च २०११ ला आणलं त्याच्या आधीपासनं आहे. अ‍ॅप लागत नाही, लॉगिन नाही, घरगुती वापराला पैसे नाहीत. फोनच्या ब्राउझरमध्ये उघडायची, फोटो चढवायचा, आणि तो फोटो नेटवर याआधी कुठं कुठं आणि कधी दिसलाय त्याची यादी समोर येते. एवढंच काम करते, पण इतकं नेटकं करते की कोल्हापुरातल्या प्रत्येक घरात निदान एका माणसाला तरी ही वापरता यायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. सोबत गूगल लेन्सबद्दल पण सांगतो, कारण दोन्ही जोडीनं वापरली तरच काम पूर्ण होतं, आणि व्हिडिओसाठी इनव्हिड म्हणून एक आहे ते पण.

पावसाळ्याचं काय एवढं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. जुलै उजाडला की सगळ्यांचं लक्ष पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याकडं, पाण्याची पातळी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे शाळेतल्या पोरांना पण पाठ आहेत. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या पण वर, शिरोलीजवळ हायवे बंद, शहरात पेट्रोल फक्त अत्यावश्यक सेवेला, आणि अशा वेळी ज्याचं घर सुतारवाड्यात किंवा आंबेवाडी-चिखलीत आहे त्या माणसाच्या फोनवर मिनिटा-मिनिटाला फोटो येत असतात. त्यातला एखादा खोटा निघाला तर तो माणूस रात्री दोन वाजता म्हातारी आई आणि जनावरं घेऊन पावसात बाहेर पडतो. नाहीतर त्याच्या उलट होतं, आधीचे चार फोटो खोटे निघालेले असतात म्हणून पाचवा खरा आला तरी 'असलं रोजचंच आहे' म्हणत घरात बसून राहतो. मला ह्या दुसऱ्याची जास्त भीती वाटते, कारण बोट घेऊन आणायला त्यालाच जावं लागतं.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते एका फोटोवरनं सांगतो. 'कोल्हापूर एसटी स्टँडजवळची आत्ताची परिस्थिती' असा मजकूर लावून एक फोटो आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आला होता. रस्ताभर तांबडं पाणी, मधोमध अडकलेली लाल-पिवळी बस, पाण्यात कमरेएवढी उभी असलेली माणसं. लाल-पिवळी बस म्हटल्यावर कुणालाही आपली एसटीच वाटणार. शेजारच्या तात्यांनी लगेच फोन पुढं केला, "खरं हाय का रं हे? मग शाहूपुरीत पण पाणी शिरलं असंल की." त्यांची लेक शाहूपुरीत दिलेली, त्यामुळं त्यांचा जीव खालीवर व्हायला लागलेला. फोटो टिनआयमध्ये टाकला. निकाल आले की वर एक ड्रॉपडाउन असतो, त्यात बेस्ट मॅच, मोस्ट चेंज्ड, बिगेस्ट इमेज, न्यूएस्ट, ओल्डेस्ट असे पर्याय दिसतात. ओल्डेस्ट दाबलं तर सगळ्यात वर ऑगस्ट २०१८, केरळच्या महापुराची बातमी. मग बिगेस्ट इमेज दाबून मोठी प्रत उघडली, बोटांनी बसच्या काचेवर झूम केलं, आणि पाटी दिसली, गोल गोल मल्याळम अक्षरं. केरळच्या सरकारी गाड्या पण लाल-पिवळ्याच असतात. ग्रुपवर आलेल्या प्रतीत त्या पाटीच्या जागी नुसता पांढरट डाग होता, कारण व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं आणि दहा ग्रुप फिरून येईस्तोवर त्यातली अक्षरं मरून जातात. तात्यांनी चष्मा कपाळावर सारून फोन डोळ्याजवळ धरला आणि म्हणाले, "ही आपली एसटी न्हवं, आपल्या गाडीवर मराठी असतंय." त्यांना कुणी मोठा लेख वाचायला दिला असता तर पटलं असतं का माहीत नाही, पण पाटी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर विषयच संपला, आणि तो फोटो ज्यानं टाकला होता त्याला त्यांनी स्वतः फोन लावला.

म्हणून माझ्या मते टिनआयमधली दोन बटणं सोन्याची, ओल्डेस्ट आणि बिगेस्ट इमेज. पहिलं जन्मतारीख काढतं, दुसरं फोटोतली पुसलेली खूण परत आणतं. मोस्ट चेंज्ड पण कामाचं आहे, मूळ फोटोत कुणी काय घुसडलंय किंवा कापलंय ते त्यात वर येतं, आणि एखाद्या निकालाला कंपेअर केलं की आपला फोटो आणि त्यांना सापडलेला फोटो एकाच जागी आलटून पालटून दाखवतं. डोळ्यासमोर झेंडा बदलतो, पाटीवरचं नाव बदलतं, गर्दी वाढते. हे बघितलेलं माणूस विसरत नाही. घरातल्या पोरांना शिकवायचं असलं तर इथनं सुरुवात करा.

मर्यादा पण नीट समजून घ्यायला पाहिजेत, नाहीतर ह्याच हत्यारानं चुकीचा निष्कर्ष निघतो. टिनआय जी तारीख दाखवतं ती त्यांच्या यंत्रानं तो फोटो नेटवर पहिल्यांदा कधी बघितला त्याची, फोटो कधी काढला त्याची नव्हे. त्यामुळं पुरावा एकाच बाजूनं चालतो. २०१८ ला नेटवर दिसलेला फोटो आज सकाळचा असू शकत नाही, हे शंभर टक्के. पण शोधून काहीच सापडलं नाही म्हणजे फोटो ताजा आणि खरा, असं अजिबात नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये आत काय फिरतंय ते टिनआयला दिसत नाही, आणि गावातल्या कुणीतरी काल काढून थेट ग्रुपवर टाकलेला फोटो तिथं मिळणारच नाही. 'झिरो रिझल्ट्स' आलं की बरेच जण 'बघा, खरा निघाला' म्हणून स्क्रीनशॉट फिरवतात. तसं करू नका, त्या शून्याचा अर्थ अजून शोधायला पाहिजे एवढाच. आणि फोटोच्या प्रॉपर्टीत जाऊन तारीख बघा असा सल्ला पण फिरत असतो, तो व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोला लागू पडत नाही, कारण कॅमेऱ्यानं लिहिलेली तारीख, जागा ही सगळी माहिती व्हॉट्सअ‍ॅप पाठवतानाच काढून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. त्यामुळं कुणी म्हणत असलं की 'मी स्वतः काढलाय', तर त्याला प्रेमानं सांगायचं, दादा, तोच फोटो डॉक्युमेंट करून पाठव.

आता लेन्स. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आधीच असतं, त्यामुळं आई, मावशी, वैनी ह्यांना शिकवायला टिनआयपेक्षा सोपं. लेन्सची ताकद वेगळी आहे, ते फोटोतली वस्तू ओळखतं, देऊळ, पूल, झाड, गाडी, आणि पाटीवरचा मजकूर उचलून भाषांतर करून देतं. वरच्या बसची पाटी लेन्सनं वाचली की गावाचं नाव पण कळतं. पण लेन्स दिसायला सारखे फोटो पण दाखवतं, आणि इथं घोटाळा होतो, लोक 'सारखा दिसणारा' आणि 'तोच' ह्यात गल्लत करतात. त्यासाठी निकालात एक्झॅक्ट मॅचेस म्हणून वेगळा भाग असतो तो उघडायचा, आणि शोधायच्या आधी फोटोवर चिकटवलेला मजकूर, बाण, लाल गोल, इमोजी सगळं चौकटीच्या बाहेर ठेवायचं. नुसता मूळ फोटोचा भाग निवडला की निकालात लई फरक पडतो.

आणि एक गोष्ट कुठलंच सॉफ्टवेअर करू शकत नाही, ती आपल्याला येते. पंचगंगेचा शिवाजी पूल घ्या. जुन्या दगडी कमानीच्या पुलाशेजारी काही वर्षांपूर्वी नवा पर्यायी पूल झाला. 'आत्ता, पाच मिनिटांपूर्वी' म्हणून पुलाचा फोटो आला आणि ज्या बाजूनं नवा पूल दिसायलाच पाहिजे त्या बाजूनं काढलेला असून नवा पूल नाही, तर फोटो जुना, विषय मिटला, टिनआय उघडायची पण गरज नाही. गंगावेशीतल्या, शुक्रवार पेठेतल्या माणसाला असल्या शंभर खुणा माहीत असतात, कुठल्या घाटावरचं कुठलं देऊळ आधी बुडतं, कुठल्या भिंतीवर २०१९ ची रेघ आहे. ह्या खुणा ग्रुपवर लिहून ठेवायला पाहिजेत असं मला फार वाटतं. पुण्या-मुंबईत बसलेल्या फॅक्टचेकरला त्या कुठनं कळणार.

व्हिडिओचं काम वेगळं पडतं. इनव्हिड हे युरोपातल्या एका प्रकल्पातनं २०१७ ला आलेलं एक्स्टेन्शन, कंप्युटरवर क्रोममध्ये घालायचं. व्हिडिओची लिंक दिली किंवा फाइल चढवली की ते व्हिडिओ फोडून त्यातल्या महत्त्वाच्या फ्रेम वेगळ्या काढून देतं, आणि मग एकेक फ्रेम टिनआय, गूगल, यांडेक्सवर शोधता येते. फोनवर त्याचा फारसा उपयोग नाही, ही त्याची मोठी अडचण, कारण आपल्याकडं सगळं फोनवरच चालतं. फोन असला तर व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट काढायचा आणि तो टिनआयमध्ये टाकायचा, जरा वेळखाऊ आहे पण जमतं. उदाहरण द्यायचं तर धरण फुटल्याचा व्हिडिओ. कॅलिफोर्नियात ओरोव्हिल म्हणून धरण आहे, फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याच्या सांडव्याला भलंमोठं भगदाड पडलं, खालच्या भागातली १ लाख ८८ हजार माणसं हलवली. धरण काही फुटलं नाही, पण सांडव्यावरनं उसळणाऱ्या पाण्याची दृश्यं इतकी भयानक होती की जगभर कुठल्याही धरणाचं नाव लावून ती खपतात. आता आपल्याकडं कुणी तसलं काही 'राधानगरी' म्हणून पाठवलं तर आधी राधानगरी कसं चालतं ते माहीत पाहिजे. तिथं सात स्वयंचलित दरवाजे आहेत, तलाव भरला की पाण्याच्या दाबानं ते आपले आपण उघडतात, पातळी उतरली की आपले आपण बंद होतात. एका दरवाज्यातनं १४२८ क्युसेक पाणी सुटतं, हा आकडा दर पावसाळ्यात बातमीत असतोच. म्हणजे 'राधानगरीचा सहा नंबरचा दरवाजा उघडला' ही नेहमीची, खरी बातमी, आणि 'राधानगरीचे दरवाजे तुटले' ही त्याच बातमीला शेपूट लावून केलेली अफवा. खरी बातमी आणि अफवा ह्यात फक्त एका क्रियापदाचं अंतर असतं, त्यामुळं जो घाईत वाचतो त्याला ते दिसत नाही.

हे सगळं एवढं मनावर का घेतोय ते पण सांगतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावानं ठेचून मारलं, मुलं पळवणारी टोळी समजून. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी, सोलापूर जिल्ह्यातनं पोटासाठी तिकडं गेलेली. त्या काळात देशभर मुलं पळवण्याच्या अफवांचं पीक आलं होतं आणि त्यात एक व्हिडिओ सगळीकडं फिरत होता, मोटरसायकलवरचे दोघं गल्लीत खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात असा. तो व्हिडिओ कराचीतल्या एका संस्थेची जनजागृतीची जाहिरात होती. पुढच्याच क्षणी ते दोघं मूल परत आणून सोडतात आणि मुलांकडं लक्ष ठेवा असा फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला. नुसता शेवट कापला, बाकी व्हिडिओ जसाच्या तसा, कुठं एडिटिंग नाही, कुठं खोटं माणूस नाही. सीरियातल्या हल्ल्यात गेलेल्या लेकरांचे फोटो पण त्याच वेळी 'किडनी काढलेली मुलं' म्हणून फिरत होते. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, मग २०२० ला जास्त फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं, आणि त्यावर दोन बाणांची खूण येते ती तुम्ही बघितली असंल. दोन बाण दिसले की समजायचं मेसेज किमान पाच हातांतनं आलाय, पाठवणाऱ्याला पण तो कुठला हे माहीत नाही. आणि आपल्या शहराचं म्हणाल तर जून २०२३ मध्ये मोबाइलच्या स्टेटसवरनं काय झालं, इंटरनेट बंद ठेवायला लागलं, दुकानं फुटली, ते ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

ह्या सगळ्यातनं माझं जे मत झालंय ते असं, आपल्यापर्यंत पोचणाऱ्या धोकादायक फोटो-व्हिडिओंचं मूळ बहुतेक वेळा खरं असतं. खरा पूर, खरं धरण, खरी माणसं, फक्त गाव आणि तारीख दुसरी. त्यामुळं आज ज्याला त्याला जे एआय ओळखणारं अ‍ॅप पाहिजे असतं, त्याच्या आधी तारीख काढणारं टिनआय पाहिजे. एआय डिटेक्टर त्या केरळच्या बसला 'खरा फोटो' असंच सर्टिफिकेट देईल, आणि ते बरोबरच असंल, पण तात्यांच्या लेकीचं घर शाहूपुरीत बुडालंय का ह्याचं उत्तर त्यात नाही.

एआयचं काम होत नाही असं नाही म्हणत. गूगलनं २०२३ ला सिंथआयडी म्हणून एक अदृश्य खूण आणली, त्यांच्या एआयनं केलेल्या चित्रात ती आतच मिसळलेली असते, आणि आता जेमिनीत, म्हणजे गूगलच्याच एआय चॅटमध्ये, फोटो टाकून ती खूण आहे का विचारता येतं. खूण सापडली तर चित्र एआयनं केलेलं किंवा बदललेलं, हे पक्कं. पण दुसऱ्या कंपनीच्या एआयनं केलेल्या चित्रात ती खूण असंलच असं नाही, म्हणून खूण नाही ह्याचा अर्थ खरं असा घेता येत नाही. पुन्हा तोच एका बाजूचा पुरावा.

टिनआयचा दुसरा उपयोग निव्वळ आवडीचा, आणि त्यात मला खरंच मजा येते. नेटवरच्या जुन्या प्रसिद्ध फसव्या फोटोंचा वंश शोधायचा. पुराच्या पाण्यात रस्त्यावर गाडीशेजारी पोहणारा शार्क आठवतोय का? २०११ ला प्वेर्तो रिकोच्या वादळात पहिल्यांदा फिरला, २०१७ ला ह्यूस्टनच्या पुरात परत, आणि अधनंमधनं येतच असतो. तो शार्क खरा आहे. दक्षिण आफ्रिकेत थॉमस पेशॅक ह्या फोटोग्राफरनं छोट्या कयाक होडीच्या मागं लागलेल्या ग्रेट व्हाइट शार्कचा फोटो काढला होता, त्यातला शार्क तेवढा उचलून रस्त्यावर आणून ठेवला. पण आपल्याकडं त्याच न्यायानं मगरीचा फोटो आला की 'फेक' म्हणून सोडून देता येत नाही बरं का, कृष्णेत सांगलीकडं मगरी खरोखर आहेत, पूर आला की त्या बाहेर येतात. तिथं फोटो वडोदऱ्याचा आहे का सांगलीचा हे तपासावंच लागतं, वडोदऱ्यात पण विश्वामित्री नदीच्या मगरी पुरात रस्त्यावर येतात आणि त्यांचे व्हिडिओ इकडं तिकडं होतात. म्हणजे 'असं कसं असंल' एवढ्यावर निकाल देऊ नये.

तसाच दिवाळीचा नासाचा फोटो. दर दिवाळीला अवकाशातनं रंगीबेरंगी भारत म्हणून येतोच येतो. ते चित्र अमेरिकेच्या नोआ ह्या हवामान आणि सागर संस्थेतल्या क्रिस एल्विज ह्या शास्त्रज्ञानं केलेलं, १९९२ ते २००३ ह्या काळात कुठल्या भागात रात्रीचे दिवे कसे वाढले ते वेगवेगळ्या रंगांत दाखवायला. दिवाळीचा त्यात संबंधच नाही. पुढं २०१२ ला नासानं खऱ्या दिवाळीतला भारताचा रात्रीचा फोटो प्रसिद्ध केला, साधा उजेडाच्या ठिपक्यांचा, आणि सांगितलं की दिवाळीचा जादा उजेड इतका थोडा असतो की अवकाशातनं तो बहुधा कळणारच नाही. मला विचाराल तर रंगीत चित्राची खरी गोष्ट जास्त भारी आहे, त्यात दहा-अकरा वर्षांत कुठं कुठं रात्रीचे दिवे वाढले ते दिसतं.

मंगळाचं पण तसंच, २७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार म्हणून मेसेज. २००३ साली त्या तारखेला मंगळ खरंच पृथ्वीच्या लई जवळ आला होता, जवळपास ६० हजार वर्षांतलं सगळ्यात कमी अंतर, साडेपाच कोटी किलोमीटरच्या आसपास. मूळ ईमेलात मंगळ दुर्बिणीतनं अमुक पट मोठा करून बघितला तर साध्या डोळ्यांच्या चंद्राएवढा दिसंल असं होतं, दुर्बीण गळाली, वर्ष गळालं, तारीख तेवढी राहिली. ह्याला फोटो नसतो म्हणून टिनआय चालत नाही, पण रोग तोच, तारखेचा. आणि 'अल्फेलियन' म्हणून जो मेसेज येतो, पृथ्वी सूर्यापासनं लांब जाणार, थंडी वाजणार, सर्दी-ताप येणार, तो पण. अपसूर्य बिंदू (इंग्रजीत अफेलियन, पृथ्वी सूर्यापासनं सगळ्यात लांब असते तो) दर वर्षी जुलैच्या सुरुवातीलाच येतो, अंतर १४ कोटी ७० लाखांवरनं १५ कोटी २० लाख किलोमीटर होतं, म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास फरक, आणि आपल्याला जुलैत गार वाटतं ते पावसानं.

आणि उलटं पण होतं, खरं असून खोटं वाटणारं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा ह्या इटलीच्या कंपनीच्या मॉडेलच्या पायात कोल्हापुरी दिसली तेव्हा चप्पल लाईनला फोटो दाखवला तर एक कारागीर मामा म्हणाले, "कुणीतरी कंप्युटरवर केलंय बघ." लेन्सवर टाकला, एक्झॅक्ट मॅचेसमध्ये शोचेच फोटो, वेगवेगळ्या कोनातनं, वेगवेगळ्या छायाचित्रकारांचे. खरं होतं. २०१९ पासनं जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन असलेली आपली चप्पल, आणि नाव कुठंच नाही. पुढं कंपनीनं मान्य केलं की प्रेरणा इथली आहे, जुलैत त्यांची माणसं कोल्हापूरला येऊन कारागिरांना भेटून पण गेली. पण त्याच फोटोबरोबर 'एक लाख वीस हजाराला विकालेत' असं जे फिरत होतं त्याला त्या घडीला आधार नव्हता, कंपनीनंच सांगितलं होतं की त्या चपला अजून डिझाइनच्या टप्प्यात आहेत, विक्रीचं ठरलेलं नाही. फोटो खरा, किंमत हवेतली. हे दोन्ही वेगवेगळं तपासायला लागतं, फोटो खरा निघाला की खालचा मजकूर पण आपोआप खरा होत नाही.

तर टिनआयला माझ्याकडनं पाचात साडेचार, लेन्सला चार, इनव्हिडला साडेतीन, तो अर्धा फोनवर चालत असतं तर नक्की दिला असता. मराठीत तयार उत्तर पाहिजे असेल तर फॅक्ट क्रेसेंडो आणि न्यूजचेकर ह्या व्हायरल गोष्टी तपासणाऱ्या दोन्ही वेबसाइटींचं मराठीत काम आहे, शोधताना गावाचं नाव आणि 'व्हायरल' एवढं लिहिलं तरी बऱ्याचदा सापडतं. केंद्र सरकारच्या योजनांबद्दलचं, फुकट लॅपटॉप, फुकट रिचार्ज वगैरे, पीआयबी फॅक्ट चेककडं, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाच्या तपासणी विभागाकडं, पाठवायचं. डीपफेक, म्हणजे एआयनं केलेले खोटे व्हिडिओ आणि आवाज, तपासणारी एक व्हॉट्सअ‍ॅप टिपलाइन मार्च २०२४ पासनं आहे, पण ती इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूसाठी काढली, मराठी त्यात घेतली नाही. एवढ्या कोट्यवधी लोकांची भाषा, ती पण घ्यायलाच पाहिजे, ह्यावर आपण लिहिलं पाहिजे, बोललं पाहिजे.

सगळ्यात मोठी पोकळी आवाजाच्या क्लिपची. "मी अमुक खात्यातनं बोलतोय, रात्री बाराला पाणी सोडणार आहेत, सगळ्यांनी घरं सोडा" अशी घाबऱ्या आवाजातली क्लिप आली की त्यावर ना टिनआय चालतं ना लेन्स. नाव नाही, तारीख नाही, कुठलं धरण ते पण धड नाही, पण आवाज आपल्या बोलीतला असतो म्हणून लोकांना सगळ्यात जास्त तीच पटते. त्यावर सध्या एकच उपाय मला चालताना दिसलाय, १०७७ ला फोन लावायचा, जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापनाचा टोल फ्री नंबर आहे तो, आणि राजाराम बंधाऱ्याची शेवटची पातळी किती वाजताची ते विचारायचं. ग्रुपवर उत्तर टाकताना पातळी, वेळ आणि कुणी सांगितलं हे तिन्ही लिहायचं. आमच्या गल्लीत आता कुणी नुसतं '४१ फूट' टाकलं तर खाली लगेच कुणीतरी विचारतंय, "किती वाजताचं?"